देणाऱ्यांची भिंत

सुमनबाईनं चांदणीच्या पाठीवर तांब्या उपडा केला आणि निरम्याचा फेस खसाखसा चोळला, तशी चांदणीनं अंग झाडून सगळा फेस तिच्याच तोंडावर उडवला. शेळीच्या जातीला पाण्याचं वावडं. पण फोटो निघायचा म्हटल्यावर काळं अंग चकाकलं पाहिजे, कपाळावरचा पांढरा ठिपका उठून दिसला पाहिजे. महिन्याभरातली ही चौथी अंघोळ होती. आधीच्या तिन्ही वाया गेल्या होत्या.

"गप उभी ऱ्हा," ती खेकसली. "उद्या जायलीस तू. आता तरी जा बाई एकदाची."

दोन वर्षांमागं औशाच्या 'उभारी' संस्थेनं तिला दोन गाभण शेळ्या दिल्या होत्या. अट अशी की शेळ्या जगवायच्या, दर बुधवारी बैठकीला बसायचं, वेळच्या वेळी लसी टोचून घ्यायच्या, आणि मग आपल्या गोठ्यात जन्मलेली एक आठ महिन्यांची पाट, म्हणजे शेळीची लेकच, गावातल्या पुढच्या गरजू घराला द्यायची. ती दिली की आपलं कुटुंब स्वावलंबी. संस्था काढणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींनी त्यात आणखी एक कलम घालून ठेवलं होतं. पाट नेणाऱ्यानं देणाऱ्याच्या घरी यायचं आणि तिथं बसून चहा प्यायचा. चहा न पिता नेलेली पाट दिली असं धरायचंच नाही.

सुमनबाईकडं आता नऊ शेळ्या होत्या. तिच्या नवऱ्याचं, साहेबरावचं, ऊसतोडीला जाणं बंद झालं होतं. अजून काय स्वावलंबी व्हायचं असतं माणसानं? पण संस्थेच्या हिशेबी ती अजून नव्हती, कारण तिचा फोटो अजून चुकीच्या भिंतीवर होता.

औशाच्या ऑफिसात दोन भिंती होत्या. उजवीकडं घेणाऱ्यांची, डावीकडं देणाऱ्यांची. उजव्या भिंतीवर दाराजवळच सुमनबाई लटकत होती. केस विस्कटलेले, झंपर खांद्यावर उसवलेलं, आणि दोन्ही हात पुढं. त्या दिवशी फोटोवाला तिला म्हणाला होता, मावशी, हात पुढं करा, अजून थोडे पुढं. तिनं केले होते. दावं हातात पडायच्या आधीच त्यानं फोटो मारला, त्यामुळं त्या हातांत काहीच नव्हतं. तोच फोटो पुढं संस्थेच्या पत्रकावर छापून आला आणि ते पत्रक फिरत फिरत नांदेडला तिच्या लेकीच्या, लुंबिनीच्या सासरी पोचलं. लेक फोनवर काही बोलली नाही. नुसतं, आई, तुझं ते झंपर मी शिवून देते म्हणाली होती. ते ऐकून सुमनबाईनं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली होती. तेव्हापासून तिला एकच ध्यास होता. दुसरा फोटो निघाला पाहिजे. दावं आपल्या हातात, आणि हात दुसऱ्या कुणाचे तरी पुढं.

आणि हे दुसरं कुणीतरी कोण, तर साखराबाई. पाट कुणाला जाणार याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि ते नाव निघालं तेव्हा सुमनबाईला बैठकीत हसू आवरेना.

साखराबाई म्हणजे शेषेराव मालकांची बायको. बारा वर्षं सुमनबाईनं त्यांच्या रानात खुरपलं होतं. दुपारचा चहा मिळायचा. चहा चांगला असायचा, त्यात खोट नव्हती. पण तो कानतुटक्या कपात मिळायचा, आणि तो कप बाहेरच्या देवळीत असायचा. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि पालथा घालून परत तिथंच ठेवायचा. भूकंपात जुनं गाव गेलं, देवळी गेली, घरं ढिगाऱ्यात गेली. सरकारनं नवं गाव वसवलं, एका ओळीत एकसारखी घरं. पण तो कप कुठून कसा वाचला देव जाणे, तो नव्या गावातही आला आणि साखराबाईच्या कंपाउंडच्या भिंतीवर पालथा बसला.

आता त्या घराची दशा फिरली होती. शेषेरावांना लकवा मारला त्याला तीन वर्षं झाली. जमीन लातूर-हैदराबादच्या दवाखान्यांत गेली. पोरगा हरिओम पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. नवऱ्याला कूस बदलायला सुद्धा माणूस लागतं, त्यामुळं साखराबाईला रोजानं जाता येईना. दारात बांधता येईल, घर न सोडता पोसता येईल असं काहीतरी तिला हवं होतं. म्हणूनच तिनं चिठ्ठी टाकली असणार.

पण कार्यक्रम काही होईना. पहिल्यांदा संस्थेला देणगी देणारे पुण्याचे पाहुणे आले नाहीत. दुसऱ्यांदा बॅनरवर सुमनबाईच्या जागी साहेबरावचं नाव छापून आलं, म्हणून आदिनाथ सरांनी स्वतःच तारीख पुढं ढकलली. आदिनाथ सर म्हणजे संस्थेचा पंचविशीतला पोरगा, मोटारसायकलवर फिरणारा. तिसऱ्यांदा पाहुणे आले, बॅनर आला, फोटोवाला आला, आणि साखराबाईच आली नाही. धर्माबादला पाहुण्याकडं गेली म्हणे. बारा माणसांचा चहा सुमनबाईच्या पातेल्यात साय धरून बसला. कळायचं ते कळलं होतं तिला. माझ्या घरचा चहा नरड्याखाली उतरत नाही, दुसरं काय!

आणि आज दुपारी आदिनाथ सरांचा फोन. उद्या अकराला नक्की. पाहुणे पण नक्की. फक्त मावशी, साखराबाई फोन उचलत नाहीत, तेवढं जरा तुम्हीच त्यांच्या घरी जाऊन सांगा. सुमनबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. द्यायचं पण मी, आणि घ्या हो म्हणून पाया पडायला पण मीच जायचं? तिनं फोन कट केला आणि त्या रागातच चांदणीला अंघोळ घालायला काढली होती.

चांदणीला पोत्यानं पुसून ती उठली तोवर दिवस कलला होता. तेवढ्यात मागच्या बोळातून कुणीतरी आल्यासारखं झालं. पदर कपाळावर पार पुढं ओढलेला. साखराबाई.

सुमनबाईच्या तोंडून सवयीनं "या मालकीण" निघून गेलं आणि मग तिला स्वतःचाच राग आला. तिनं घरातून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. साखराबाई खुर्चीत बसली नाही, दाराच्या पायरीवर कडेला टेकली. बराच वेळ चांदणीकडं बघत राहिली. गुटगुटीत झालीय, म्हणाली. मालकांची तब्येत कशी हाय, सुमनबाईनं विचारलं. हाय तशीच.

मग ती मुद्द्यावर आली. "सुमे, पाट दे मला. आत्ता दे. उद्याचं ते फोटोचं नको."

सुमनबाई ओलं पोतं पिळत राहिली. साखराबाईच बोलत राहिली. लेकीचं, पुनमचं, लग्न जमत आलंय, धर्माबादचं स्थळ आहे, मिरचीची आडत आहे त्यांची. परवा ते लोक घर बघायला यायचेत. तिथं तो फोटो मोबाइलवर गेला, मालकाच्या घरची बाई संस्थेच्या पाटीखाली हात पसरून उभी असं दिसलं, की झालं, पोरीचं मोडलंच. तिसऱ्या खेपेला ती धर्माबादला गेली होती ते खरंच होतं. पण कार्यक्रम आहे हे माहीत असून गेली होती, हेही तिनं कबूल केलं.

"हात पसरून," सुमनबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "माझा फोटो दोन वर्षं झाली लटकायलाय तिथं. माझ्या लुंबिनीच्या सासरी गेला तो. माझ्या पोरीला सासर न्हाई का? माझा नंबर लागला तवा कुणी इचारलं न्हाई मला, फोटो चालतो का म्हून."

साखराबाईनं मान खाली घातली.

"न्हाई देत," सुमनबाई म्हणाली. "उद्या अकराला या, समद्यांसमोर घ्या. न्हाईतर राहू द्या."

बोलून झाल्यावर काय करावं हे तिला सुचेना, म्हणून तिनं चहा ठेवला. आल्या माणसाला चहा द्यायचा नाही असं काही तिच्याच्यानं झालं नसतं. उद्याच्या कार्यक्रमासाठी तिनं औशाच्या बाजारातून सहा नवे कप आणले होते, निळ्या फुलांचे. त्यातला एक काढून तिनं चहा ओतला आणि हातात दिला. आता बघूच, तिच्या मनात आलं. पायरीवर ठेवते का सांडते.

साखराबाईनं चहा प्यायला. फुंकर घालत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. मग ती उठली, पाण्याच्या टाकीपाशी गेली, वाकून कप विसळला. एकदा, दोनदा, तीनदा. इकडं तिकडं बघितलं. घराच्या आत न येता ती कंपाउंडच्या भिंतीशी गेली आणि तो कप भिंतीवर पालथा घालून ठेवला. पदरानं हात पुसले.

"येते सुमे," ती म्हणाली आणि रिकाम्या हातानं बोळाकडं चालू लागली.

सुमनबाई भिंतीवरच्या कपाकडं बघत राहिली. हेच तर बघायचं होतं तिला. बारा वर्षं, उन्हातून येऊन कप विसळताना, हेच तिच्या मनात यायचं की एक दिवस ही बाई माझ्या दारात असाच कप धुवेल. आज धुतला. गोड वाटायला पाहिजे होतं, वाटलं नाही.

"मालकीण, थांबा."

तिनं भिंतीवरून कप उचलला. "ह्यो कप धुवायला कुणी सांगितलं तुमाला?"

साखराबाई खरोखरच गोंधळली. तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, नाटक नव्हतं. "मग? दुसऱ्याच्या दारात प्याल्यावर तसंच असतंय न्हवं?" ती म्हणाली. "मी कधी प्यालीच न्हाई कुणाच्या दारात. मला काय ठाव. तू जसं करायचीस तसं केलं."

सुमनबाईनं हातातला कप पदरानं पुसला.

"आमच्यात न्हाई तसं," ती शेवटी म्हणाली. "आमच्यात पाव्हण्याला कप धुवू देत न्हाईत."

ती आत गेली आणि कप बाकीच्या पाचांत ठेवून आली. मग खुंट्यापाशी बसून चांदणीचं दावं सोडलं. गाठ भिजून घट्ट झाली होती, दातांनी सोडवावी लागली. जनावर विकलं की दावं आपल्याकडं ठेवून घ्यायची रीत आहे, दावण रिकामी पडू नये म्हणून. पण ही काही विकलेली नव्हती. तिनं दाव्यासकट चांदणी साखराबाईच्या हातात दिली.

"आन् फोटो?" साखराबाईनं विचारलं.

"चहा प्यालाव न्हवं तुमी? झालं मग. गुरुजींचा नेम तेवढाच हाय. आन् हिला वल्ला चारा घालू नका, पोट फुगतंय हिचं. जावा मागच्याच बोळानं."

दुसऱ्या दिवशी अकराच्या जागी साडेबाराला जीप आली. बॅनर बांधला गेला, या खेपेला नाव बरोबर होतं. पाहुणे पांढऱ्या केसांचे, भले गृहस्थ होते, आल्या आल्या त्यांनी बूट काढले. आदिनाथ सरांनी पाट कुठं आहे विचारलं. गेली, सुमनबाई म्हणाली, काल सांजेला, चहा पाजून पाठवली. सर डोक्याला हात लावून पायरीवरच बसले. मावशी, अहो फोटोशिवाय मी फाइल कशी बंद करू? दोन वर्षांची मेहनत पाण्यात घातली तुम्ही, एका दिवसासाठी. साखराबाईंना बोलवा आत्ताच्या आत्ता. सुमनबाई म्हणाली, त्यांच्याकडं पाव्हणे यायचेत, त्यांना वेळ नाही. सर पुष्कळ बोलले. हे असंच चालायचं असेल तर तुमचा फोटो आहे तिथंच राहील, असंही म्हणाले. ते तिला लागलं. फार लागलं. पण ती उलटून बोलली नाही, आत जाऊन तिनं चहा गाळला. सहा निळे कप ताटात मांडले. त्यातला कालचा कोणता, हे तिलाही आता सांगता आलं नसतं.

ती बाहेर आली तेव्हा फोटोवाला कंटाळून मोबाइल बघत होता. पाहुणे अवघडून बॅनरखाली उभे होते. निदान एक आठवण म्हणून तरी ताईंचा फोटो काढा, असं ते म्हणाले. फोटोवाला पुढं आला.

"मावशी, ते ताट खाली ठेवा. हात जरा…"

सुमनबाईनं ताट खाली ठेवलं नाही. लुंबिनीनं शिवून पाठवलेल्या झंपरावर पदर नीट घेतला, ताटातला एक कप उचलला आणि पाहुण्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"सायेब, हात पुढं करा," ती म्हणाली. "अजून थोडा पुढं."

पाहुण्यांनी हात पुढं केला.