डाव्या बाजूची तोटी

पिकअप कापायची की पहिल्यासारखी उभी करायची, यावरून दूध संस्थेच्या ओट्यावर असा काही वाद पेटला, की पाण्याच्या टँकरची वाट बघणारी माणसंही घागरी जागेवर ठेवून ऐकायला आली. एका बाजूला अख्खं संचालक मंडळ आणि दुसऱ्या बाजूला एकटा शहादेव मिस्त्री. बोलणं मात्र त्याचंच जास्त चाललं होतं.

"आरं, मला पाणी आणायचंय, वरात न्हाई काढायची," चेअरमन गहिनीनाथ म्हणाले. "नाक काप तिचं. डिझेल इंजिन बसव. हौदा काढून फेक आन मागं मोठी टाकी ठेव. झालं तुजं काम."

"कापली म्हंजी ती ऱ्हायलीच न्हाई, चेअरमन. मंग भंगारातून दुसरी कोन्चीबी आना. हीच कावून पायजे?"

गहिनीनाथ म्हणजे माणूस मेंढरांमागे वाढलेला, तोंडाने फटकळ, पण संस्था पोटच्या पोरासारखी सांभाळणारा. उमापूरच्या अलीकडच्या त्या गावात दुष्काळाने सगळ्यांची तोंडं सुकली होती. जनावरं छावणीला गेलेली, दुधाचे कॅन पालथे पडलेले. सरकारी टँकर यायचा तेव्हा यायचा. म्हणून मंडळाने ठरवलं होतं की संस्थेची जुनी पिकअप बाहेर काढू आणि गोदाकाठच्या विहिरीवरून आपलं पाणी आपणच आणू. सरकारकडे तोंड वेंगाडण्यापेक्षा हे कधीही बरं, आणि संस्था काढायची ती याचसाठी.

आता ही पिकअप कोण, ते सांगायला हवं. लांब नाकाची, गोल डोळ्यांची, पेट्रोलवर चालणारी. संस्था नवी नवी होती तेव्हा घेतलेली. पहाटे गावोगावचं दूध गोळा करून आणायची. बहात्तरच्या दुष्काळात दूध आटलं, तेव्हा तिच्या हौद्यात लोखंडी टाकी बसवली आणि तिने गावाला पाणी पाजलं. पुढे म्हातारी होऊन पेंडीच्या पोत्यांमागे पडली. या सगळ्या काळात तिचा ड्रायव्हर एकच, शहादेवचा बाप जालिंदर.

जालिंदर जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याचा एकच फोटो घरात होता आणि त्यातही बाप कमी, पिकअपच जास्त दिसत होती. बाप बोलका नव्हता, रागावणारा नव्हता, लाड करणाराही नव्हता. शहादेवला त्याचं काही आठवायचं म्हटलं तर ते या गाडीतलंच आठवायचं. गिअरच्या दांड्यावरचा त्याचा हात, घाटात इंजिनाशी हळू आवाजात बोलायची त्याची सवय. म्हणून गाडी कापायची म्हटल्यावर मिस्त्रीचा जीव वरखाली होत होता, आणि ते त्याने लपवलंही नाही.

"चेअरमन, माजा बाप या गाडीत हाय," तो सरळ म्हणाला. "तुमी टाकी ठिवा, पाणी आना, काय बी करा. पर तिला कापू नका. जशी व्हती तशी करून देतो. मजुरीचं नाव काढायचं न्हाई."

गहिनीनाथांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"बरं बाबा, न्हाई कापत. पर ह्या उन्हाळ्यातच तिनं पाणी आनलं पायजे. दिवाळीला चकाचक गाडी घिऊन मी काय करू?"

असा तो निकाल लागला.

मग शहादेवने गाडी उमापूरला आपल्या गॅरेजात ओढून नेली, बायकोसह मागच्या खोलीत मुक्काम टाकला आणि तो जगाला पारखा झाला. हा काही साधासुधा मिस्त्री नव्हे, पार सिरसाळ्याहून लोक ट्रॅक्टर दाखवायला त्याच्याकडे येत. गिऱ्हाइकं आता दारात ताटकळू लागली आणि हा पिकअपखाली उताणा. इंजिन उतरवलं, पिस्टनच्या रिंगा औरंगाबादच्या जुन्या बाजारातून हुडकून आणल्या. हौद्याच्या सडक्या फळ्या काढून बाभळीच्या बसवल्या. रंग खरवडता खरवडता निळ्याखाली राखाडी निघाला, राखाडीखाली हिरवा. ओल्या घासासारखा हिरवा. तो दिसल्याबरोबर त्याने बायकोला, पारूबाईला, हाका मारून बोलावलं. ती बिचारी भाकऱ्यांचं पीठ हाताला तसंच घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"हा बघ, हिचा खरा रंग!"

"अग्गं बया! मला वाटलं बोट बीट तुटलं का काय तुमचं," म्हणून ती पाठमोरी झाली, पण दारातून एकदा वळून बघितलंच तिने. रंग होताच तसा.

सगळ्यात शेवटी त्याने हौद्याखालचं पाणी सोडायचं काम हातात घेतलं. बहात्तर साली टाकीखाली आडवा पाइप टाकून दोन्ही बाजूंना पितळी तोट्या बसवलेल्या होत्या. उजव्या बाजूच्या तोट्या घासल्यावर झकास निघाल्या. डावीकडच्या तोट्यांच्या अलीकडे मात्र पाइपावर वेल्डिंग मारून तोंडच बंद केलेलं. आणि वेल्डिंग तरी कसलं! लोखंडाचं नुसतं ढेकूळ. हे बापाचंच काम, हे शहादेवने बघताक्षणी ओळखलं. बाप गाडी चालवायचा देवासारखी, पण वेल्डिंगच्या बाबतीत त्याचा हात म्हणजे आनंदच होता.

"गळत आसंल, म्हनून बुजीवली," तो स्वतःशीच हसला. "आबा, तुमचं हे काम काय आपल्याला पटलं न्हाई."

बापाची चूक लेकाने दुरुस्त करायची, यात त्याला फार गोड वाटलं. ते ढेकूळ त्याने ग्राइंडरने कापून काढलं, पाइपाचा तुकडा नवा जोडला, तोट्यांना नवे वायसर घातले. दोन्ही बाजूंना पितळ लखलखायला लागलं. कंपनीतून निघाली तेव्हाही गाडी इतकी देखणी नसेल.

पिकअप गावात शिरली तेव्हा मात्र बघण्यासारखं झालं. उन्हाने करपलेल्या त्या गावात तेवढी एकच गोष्ट हिरवी होती. पोरं मागे पळत आली, म्हाताऱ्यांनी चष्मे पुसले. गहिनीनाथ तर शेजारच्या सीटवरून उतरायलाच तयार होईनात. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी कापाय निगालो व्हतो हिला. लई मोठं पाप झालं आसतं बग."

शहादेवची छाती फुगली, आणि का फुगू नये? टाकी गोदाकाठच्या पाण्याने काठोकाठ भरलेली, इंजिन एका सुरात चाललेलं. ड्रायव्हरच्या जागेवर बसून त्याने बाप उभी करायचा तिथेच, संस्थेच्या दारासमोर रस्त्यावर, गाडी उभी केली. तिच्या डाव्या हाताला गाव होतं आणि उजव्या हाताला रस्त्यापलीकडे भीमनगर, जिथे शहादेवचं घर.

मग बायका घागरी घेऊन आल्या. गावातल्या डावीकडून आल्या, भीमनगरातल्या उजवीकडून. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. जी बाजू घराजवळ, तिकडे ज्याचा त्याचा पाय वळला, इतकं साधं होतं ते. दोन रांगा लागल्या आणि दोन्हीकडच्या तोट्या वाहू लागल्या. शहादेव गाडीच्या टपाला टेकून हे कौतुकाने बघत होता.

डावीकडची रांग लवकर सरली, कारण गावातल्या बऱ्याच घरांची माणसं ऊसतोडीहून परतली नव्हती. भीमनगरची रांग लांबलचक. पारूबाई शेवटाला होती. डावी तोटी मोकळी दिसल्यावर ती घागर घेऊन गाडीला वळसा घालून इकडे आली आणि तोटीखाली घागर धरणार, तोच दुसऱ्या खेपेला आलेली गावातली एक नवी सून बोलली. चांगली शिकलेली, गोड बोलणारी पोरगी. रागाने नाही, वाट चुकलेल्याला रस्ता दाखवावा तसं बोलली.

"अवो काकू, तुमची लाइन त्या बाजूला हाय ना?"

पारूबाईने घागर उचलली आणि परत गेली. आजूबाजूच्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि हेच शहादेवच्या काळजात घुसलं. टपावर टेकलेला त्याचा हात खाली आला. गाडी चकचकत होती, पितळ चमकत होतं, आणि त्याला त्यातलं काहीच बघवेना.

तेवढ्यात गहिनीनाथांची आई, कडूबाई, काठी टेकत आली. पाणी भरायला तिची गरज नव्हती, घरात सुना होत्या. म्हातारी गाडी बघायला आली होती. हातात उगाच एक चरवी. तिने बॉनेटला हात लावला, दिव्यांना लावला, हौद्याच्या कडेने चालत मागे आली आणि डावीकडच्या तोट्यांपाशी थबकली.

"ह्या कुनी उगडल्या?"

"म्या, कडूमावशी," शहादेव म्हणाला. "आबांनी वेल्डिंग मारून बंद केलत्या. गळत व्हत्या म्हनून."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. मग ती लेकाकडे, गहिनीनाथांकडे वळली, आणि पुन्हा याच्याकडे.

"तुला तुज्या बापानं काईच सांगितलं न्हाई?"

"काय सांगायचं?"

"आरं लेकरा, ती तोटी कवाच गळत नव्हती." कडूबाई हौद्याच्या फाळक्याला धरून उभी राहिली. "ह्या दोन बाजू संस्थेनंच काढल्या व्हत्या. गावाची येक, तुमच्या वस्तीची येक. गावाचं भरून झाल्याबिगर तिकडची तोटी सोडायची न्हाई, आसा हुकूम व्हता. तुजी माय पोटुशी व्हती तवा, तुज्याच टायमाला. उन्हात बसून ऱ्हायची घागर घिऊन. आन तुजा बाप ष्टेरिंगवर बसून बगायचा."

आसपासच्या बायका जवळ सरकल्या होत्या.

"येक दिवस सकाळी गाडी आली, तं गावाकडची तोटी बंद. हे येवढं लोखंडाचं ढेकूळ! तवाचा चेअरमन वराडला, आरं कावून बंद केली? तुजा बाप म्हनला, सायब, गळत व्हती. दुस्काळात थेंब वाया घालवू का? आता काय बोलनार त्यो! गळती म्हनल्यावर कुनाचं तोंड उगडंना." म्हातारी मनापासून हसली. "म्या आदल्याच दिशी तिच्यातून पाणी भरलं व्हतं. येक थेंब गळत नव्हता. पर म्या बोलले न्हाई. घागर उचलली आन पल्याड जाऊन तुज्या मायच्या मागं हुबी ऱ्हायले. मंग बाकीच्या आल्या. न येऊन सांगत्यात कुनाला, पाणी तं तितंच व्हतं."

गॅरेजात ज्याला आपण हसलो होतो, तो वेल्डिंगचा गोळा शहादेवच्या डोळ्यांसमोर आला. मुक्या बापाने आयुष्यात एकच गोष्ट मोठ्याने सांगितली होती आणि लेकाने ती ग्राइंडर लावून साफ कापून टाकली होती, वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. त्याला बापाचा असा अभिमान वाटला, की डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही.

मग तो डावीकडच्या तोट्यांपाशी खाली बसला. एकेक तोटी त्याने पिळून बंद केली, पान्याने मुठी काढून खिशात घातल्या आणि उभा राहिला.

"चेअरमन," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "डावी बाजू गळतीय. बंद करावी लागंल."

गहिनीनाथांनी वाकून बघितलं. तोट्या कोरड्या ठणठणीत होत्या, खालच्या मातीवर ओलाव्याचा ठिपका नव्हता. मग कमरेवर हात ठेवून उठले.

"हां, गळतीय खरी," ते म्हणाले. "दुस्काळात थेंब वाया जाता कामा नये. बंद कर."

कडूबाईने चरवी उचलली आणि काठी टेकत गाडीला वळसा घातला. रांगेच्या शेवटाला पारूबाई होती, तिच्या मागे जाऊन उभी राहिली. तिच्या मागोमाग तिच्या सुना आल्या. ती गोड बोलणारी पोरगीही आली. तिला काय ते कळलं असावं, कारण तिने पारूबाईची घागर स्वतः उचलून पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहादेवने वेल्डिंगचं मशीन संस्थेच्या दारात आणलं. हिरवाकंच नवा रंग जळाला, काळा पडला. लोखंडाचं एक ओबडधोबड ढेकूळ पाइपावर बसलं. गहिनीनाथ चहाचा कप घेऊन बाजूला उभे होते.

"येवढ्या चांगल्या गाडीला हे आसलं? घासून रंग मारशील ना वरून?"

"न्हाई," शहादेव म्हणाला. "अशीच व्हती ती."