एक जूनची माणसं

आमच्या सूतगिरणीत तीनशे चाळीस कामगार आणि सगळ्यांचा जन्म एक जूनचा. यात नवल काही नाही. खानदेशात आमच्या गावांकडे जन्मतारीख लिहून ठेवायची पद्धतच नव्हती. शाळेत घालताना मास्तर पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोहोचतो का बघत आणि एक जून लिहून मोकळे होत.

१९९६ साली धुळ्याच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. मॅनेजर साहेब तो शिकले, म्हणजे अर्धाच शिकले. कामगारांच्या यादीत त्यांनी पहिल्या चौकटीत १ जून १९३८ टाकली. सगळ्यांची एक जूनच, तेव्हा तीच खाली उतरवू, वर्षं मागाहून बदलू, म्हणून चौकटीचा कोपरा माउसने धरून शेवटपर्यंत ओढला. यंत्राने प्रत्येकाला एकेक दिवस पुढे सरकवलं. दुसऱ्या नंबरचा झुलाल दोन जूनचा, तिसरा तीन जूनचा, असं करत शेवटचा सहा मे १९३९चा.

साहेब यादी बघून खूश झाले. "आधी सगळे एकाच दिवशी जन्मलेले, ते उघड खोटं होतं," ते म्हणाले. "ही यादी खरी वाटते." वर्षांना त्यांनी मग हातच लावला नाही.

गिरणीत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. त्यामुळे एक जूनपासून रोज एक माणूस निवृत्त व्हायला लागला. निरोप समारंभ माझ्याकडे. रोज नारळ, रोज शाल, रोज भाषण. वीस दिवसांत माझे शब्द संपले आणि त्या यंत्राचा मला मनापासून राग आला.

पंचविसावा नंबर हिलालचा. वय पंचवीस. बाप वारल्यावर त्याच्या जागी, त्याच्याच नंबरावर लागलेला. रावेरची मुलगी ठरली होती. तिच्या बापाने निरोप धाडला, निवृत्त माणसाला मी पोर देणार नाही. हिलाल शाळेचा दाखला घेऊन आला. साहेबांनी तो परत केला. "यावर एक जूनच आहे. ती तारीख खोटी आहे हे तुम्हीच सगळे सांगता."

"साहेब, त्याच्या तोंडाकडे तरी बघा," मी म्हणालो.

"तोंड हा पुरावा होत नाही, पितांबर."

पंचवीस तारखेला मी शाल घडी करत असताना हिलालची आई भिकुबाई थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग गेलो.

"मना पोऱ्या आखाजीना दुसरा दिन जन्मना," ती म्हणाली. "मोठा दुष्काळना पहिले एक साल. निंबले झोका बांधेल व्हता."

"साक्षीदार कोण?"

"मीच व्हतू ना तठे."

 साहेबांनी मला जुन्या पंचांगात त्या सालच्या अक्षय तृतीयेचा दुसरा दिवस शोधायला लावला आणि निघालेली तारीख हिलालच्या चौकटीत टाकली. यंत्राने काही कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावर आयांची रांग. कोणी पुराच्या सालातलं पोर सांगे, कोणी टोळधाडीतलं. निवृत्त झालेलेही शाली परत करून कामावर आले.

माझा नंबर एकसष्ट, म्हणजे एकतीस जुलै. वय एक्कावन्न, घरात दोन पोरी शिकणाऱ्या, आणि आई जाऊन अकरा वर्षं झालेली. माझा जन्म कधीचा हे सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं. त्या दिवशी मी स्वतःसाठी नारळ आणला, शाल आणली आणि स्वतःच्या निरोपाचं भाषण लिहायला बसलो. दोन ओळींतच रडू आलं.

तेवढ्यात भिकुबाई हिलालच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. तिने शाल पाहिली, कागद पाहिला आणि माझा हात धरून मला केबिनमध्ये नेलं.

"पितांबर नाना बी आखाजीना दुसरा दिनलेच जन्मनात, साहेब."

"साल?"

"ते नानाच सांगतीन."

मी घाईघाईने १९४५ सांगितलं.

"अहो बाई, तुम्ही यांच्यापेक्षा लहान आहात."

"मी व्हतू ना तठे," ती शांतपणे म्हणाली.

साहेबांनी आम्हा दोघांकडे पाहिलं, चष्मा पुसला आणि तारीख टाकली.

तेव्हापासून दर वर्षी आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे खापरावरची पुरणपोळी खायला जातो. ती हिलालला आणि मला शेजारी पाटावर बसवून ओवाळते. मोठा म्हणून मला आधी.