मेपलचा आवाज

एल्मर सोर्वालाने आपला फोन नंबर टाइप केला, आकडे दोनदा तपासले आणि पाठवून दिला. चार वर्षांत त्याने तो इथे कुणालाच दिला नव्हता. कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात तो राक्षसांना भिडणारा 'लोखंड्या' होता आणि त्याच्या जखमा भरून काढणारी बाई होती 'मेपल'. दोघांचं सगळं बोलणं पडद्यावरच्या अक्षरांत. खरं नाव दोघांनीही कधी विचारलं नव्हतं.

आज दुपारी चारला तो खेळ कायमचा बंद होणार होता.

"उद्या माझ्या गळ्याचं ऑपरेशन," मेपलने लिहिलं. "स्वरयंत्रच काढणार आहेत. आवाज संपला."

एल्मर ती ओळ पुन्हा वाचत होता, तोवर तिची पुढची आली.

"एकदा ऐकून तरी घे. आत्ताच फोन करते. चारला मुलगा न्यायला येईल. मग दवाखान्यात पोराबाळांच्या देखत नाही जमायचं."

"कर की. बेडकासारखी ओरडलीस तरी चालेल."

"थांब मेल्या, दाखवतेच तुला!"

पडद्यावर ओळ उमटली : मेपल निघून गेली.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. एल्मरने फोन उचलून मांडीवर घेतला, घसा खाकरला, उगाच केसांवरून हात फिरवला.

खेळातल्या गावच्या चौकात निरोप घेणाऱ्यांची झुंबड उडाली होती. सकाळपासून जो तो आत शिरायला धडपडत होता. एकदा बाहेर पडलं की पुन्हा लाइन मिळायची मारामार. म्हणून एल्मर जागचा हलला नाही. फोन नाही जमला तर ती कसंही करून इथेच येईल, आणि आपण नसलो तर चुकामूक व्हायची.

साडेतीन झाले. पावणेचार झाले. फोन मुकाच. त्याला तिचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. ऐन वेळी धीर सुटला असेल बिचारीचा.

चारला पडद्यावरची अक्षरं थांबली ती थांबलीच. मॉडेमचे दिवे विझले.

सव्वाचारला त्याची बहीण इर्मा वेलदोड्याचा पाव घेऊन आली. बुटांवरचं बर्फ दारातच झटकत ती कडाडली,

"जिवंत आहेस ना रे? सव्वातीनपासून फोन लावतेय, मेला सारखा एंगेज!"

एल्मरने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं. त्याची वायर भिंतीपर्यंत गेली होती, आणि भिंतीतल्या त्याच खोबणीतून दुसरी वायर कॉम्प्युटरकडे आली होती. खेळ चालू होता तोवर फोनची लाइन अडलेलीच होती. खोली एकदम फार मोठी आणि रिकामी झाली.

"किती वेळा लावलास?" त्याने विचारलं.

"कोण मोजतंय! शेवटी ठेवून दिला. म्हटलं, याला बोलायचंच नसेल आपल्याशी."