सत्यगोळा

शिवणकामाच्या कारखान्यात त्या सकाळी एकही मशीन चालू नव्हतं. काजंबटणं करणाऱ्या बायका, इस्त्रीवाले, कापणारे, सगळे हॉलच्या मधोमध कोंडाळं करून उभे होते. छताच्या लोखंडी तुळईवरून एक लांब तार खाली आली होती आणि तिच्या टोकाला लोखंडी गोळा टांगला होता. गोळ्याशेजारी गोळेबाबा. कपडे बगळ्यासारखे पांढरे आणि आवाजात तूप.

"याला लोखंड समजू नका, बाळांनो. याला काळीज आहे. खऱ्याच्या हनुवटीपाशी हा येतो, मान लववतो आणि परत जातो. खोटारड्याचं मात्र थोबाड फोडतो."

गोदामातली एक मोटर नाहीशी झाली होती. मालकांनी पोलिसांऐवजी बाबांना बोलावलं, कारण पोलीस आले की आधी पुरावा मागतात. किल्ल्या गोदाम सांभाळणाऱ्या पोरीकडे असायच्या, म्हणून संशय तिच्यावर. गोळा तिला लागला तर नोकरी गेली, आणि चोर हा शिक्का जन्मभर कपाळी. या धाकटीनेच थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. अर्धा कारखाना तिच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे सगळे तिला बाईच म्हणत.

बाई मघापासून दातओठ खात बघत होत्या. दोघीतिघींची परीक्षा झाली. बाबा गोळा ओढून हनुवटीला टेकवत, दोन बोटांत धरत आणि बोटं उघडत. गोळा हॉलभर झोका घेई, परत येई, हनुवटीसमोर थबके आणि मागे फिरे. दर वेळी गर्दीतून "अहाहा" निघे.

मग इस्त्रीवाले काका उभे राहिले. या वेळी बाबांनी गोळ्यावर अख्खा तळहात ठेवला आणि पुटपुटले, "जा बाळा, सत्य घेऊन ये." गोळा गेला, आला, आणि काकांचा ओठ फुटला.

"म्हातारा असला निघाला होय," कुणीतरी कुजबुजलं. आणि चार लोक काकांपासून लांब सरकले.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजाडलं. आग लागली तर कोंबड्यांसारखे भाजून मरू, मागचं दार उघडं ठेवा, असा धोशा मालकांकडे दोघांनीच लावला होता. काकांनी आणि धाकटीने.

"ये पोरी," बाबा धाकटीला म्हणाले.

"थांब," म्हणत बाई पुढे आल्या. "बाबा, बाकीच्यांच्या वेळी तुम्ही नुसती बोटं सोडलीत. काकांच्या वेळी तळहात का लावलात?"

"तो आशीर्वाद होता, ताई."

"आशीर्वाद नव्हता, धक्का होता."

"विज्ञान जिथे संपतं ना, ताई, तिथे आमचं सुरू होतं."

"तुमच्याकडे ते सुरूच झालेलं नाही, तर संपेल कुठून." बाई गर्दीकडे वळल्या. कापणारा मास्तर हात जोडून पुढेच उभा होता. "काय रे, माझ्याच वर्गात होतास ना? नुसता सोडलेला लोलक परत येताना किती वर येतो?"

मास्तर घडाघडा बोलला, "सोडला तेवढ्याच उंचीवर, बाई. स्थितिज ऊर्जेची गतिज होते, गतिजची पुन्हा स्थितिज. हवेमुळे उलट थोडा कमीच."

"मग हात का जोडलेस?"

"बाई, ते परीक्षेत होतं."

एवढी वर्षं खडू झिजवून हे पीक. बाईंना रडू येईना आणि हसूही येईना. त्या तरातरा खांबाकडे गेल्या आणि त्याला डोकं टेकवून उभ्या राहिल्या. "बटणाचा दोरा आण. चार पदरी कर. गोळा माझ्या हनुवटीला लाव आणि दोऱ्याने मागे खांबाला बांध. मग तुझ्या कात्रीने दोरा काप. गोळ्याला कुणाचा हात लागता कामा नये."

"ताई, नको," धाकटी म्हणाली.

"गप गं. मी आता खोटं बोलणार आहे, नीट ऐक." बाईंनी घसा खाकरला. "मोटर मी चोरली. माझं वय दोनशे वर्षं आहे. आणि हे बाबा सज्जन आहेत."

तिसऱ्या वाक्याला बायका फिसकन हसल्या. कात्री वाजली. गोळा गेला आणि परत फिरला. बाईंचं डोकं खांबाला टेकलेलंच राहिलं. गोळा हनुवटीपासून बोटभर अलीकडे थांबला आणि आल्या वाटेने निघून गेला.

मग बटणवाली पुढे आली आणि थेट बाईंच्या पायांवर वाकली. "तुमच्यात शक्ती आहे हो, बाई."

बाईंना त्याच खांबावर कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं. "ऊठ आधी. शक्ती माझ्यात नाही आणि गोळ्यातही नाही. पृथ्वी त्याला खाली येताना जेवढं देते, तेवढंच वर चढताना काढून घेते. कुठल्या वाटेने गेला, कुणापुढे गेला, हे ती बघत नाही. ती फक्त उंची बघते. काकांच्या वेळी तळहाताने वरकड ऊर्जा घातली गेली, ती गोळ्याने त्यांच्या ओठावर रिकामी केली. पटत नसेल तर तूच उभी राहा. आणि चांगलं दणदणीत खोटं बोल."

बटणवाली खांबाला चिकटली, डोळे घट्ट मिटून म्हणाली, "माझी सासू फार प्रेमळ आहे."

गोळ्याने तिलाही सोडलं. हॉल खदाखदा हसला. नंतर रांगच लागली. कुणी स्वतःला कारखान्याचा मालक म्हणवून घेतलं, कुणी कधीच उशिरा येत नाही म्हणालं.

"आता तुम्ही या, बाबा," बाई म्हणाल्या. "तळहात मी लावते. आशीर्वादाचा."

बाबांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. ते इतक्या घाईने गेले की गोळा तसाच लटकत राहिला.

"मालक, तुम्ही?" काकांनी ओठावरचा रुमाल बाजूला करत कोपऱ्यात उभ्या मालकांना विचारलं.

सगळ्यांच्या देखत नाही म्हणता येईना. मालक उभे राहिले. "मागच्या दाराचं कुलूप," ते म्हणाले, "तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

मास्तरने दोरा कापला. गोळा आला, थबकला, अदबीने मागे फिरला. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

"बघा," काका म्हणाले, "गोळ्याला काही कळत नाही. आपल्याला कळतं."

"मोटरचं काय मग?" धाकटीने विचारलं. "पोलिसांना बोलवा. मी थांबते इथेच."

"ती... दुरुस्तीला गेली असेल बहुतेक," मालक पुटपुटले.

धाकटीने कमरेची किल्ली काढली, सगळ्यांमधून वाट काढत गेली आणि मागचं दार सताड उघडलं. तिला कुणी अडवलं नाही.

मास्तर गोळा सोडवायला शिडीवर चढला होता. "राहू दे तो," बाई खालून म्हणाल्या. "उद्या दुसरा कुणी बाबा येईल. आल्या आल्या त्याला या गोळ्यापुढे उभं करा, आणि त्याचे हात कुठे आहेत ते बघा."

लोकहो, एवढंच करा. चमत्कार दिसला की हात जोडू नका. हात मोकळे ठेवा, कात्री धरता येते. आणि परीक्षेत लिहिलेलं जरा घरीही घेऊन जा.