माझ्या हिरव्या रंगाखाली

मित्रांनो, मी एक जुनी, दोघांपुरती स्पोर्ट्स गाडी आहे. बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी. आज मी एका दुकानाच्या काचेआड उभी आहे. येणारे-जाणारे थांबून माझे फोटो काढतात. माझ्या रंगाखाली काय दडलंय, ते मात्र मला त्यांना सांगता येत नाही.

माझी पहिली चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांकडे गेली. त्यांनी मला फारसं पळवलं नाही, पण माझं तेल बदलायला कधी विसरलेही नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीने जड मनाने मला विकायला काढलं.

बघायला एक भाऊ-बहीण आले. भाऊ दातांचा डॉक्टर. बहीण कपडे शिवायची. तो तिला ताई म्हणायचा. ताईने हट्टाने एका म्हाताऱ्या मिस्त्रींना सोबत आणलं होतं. मिस्त्री पाऊण तास माझ्याखाली आडवे पडून होते. गंज कुठे धरलाय ते त्यांनी चाचपलं, थंड इंजिन चालू करून धूर पाहिला, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबले. रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी हात पुसत म्हणाले, "गाडी खरी आहे. फक्त हिला तरुण करायला जाऊ नका."

एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

त्यांच्याकडचं पहिलं वर्ष सुखाचं गेलं. मग डॉक्टरांना मोबाइलवर सुटे भाग बघायचा नाद लागला. दोन रोग्यांच्या मधल्या वेळातही ते तेच बघत. आधी ताकद वाढवणारा म्हणून एक एअर फिल्टर आला. माझी ताकद होती तेवढीच राहिली, आवाज तेवढा वाढला. त्यांना मात्र मी जोरात पळतेय असं वाटू लागलं. मग आले लालभडक ब्रेक पॅड, 'खास शर्यतीचे'. ताईने खोका उलटसुलट करून पाहिला. कंपनीच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं.

"अरे, ज्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येत नाही, त्यांच्या भरवशावर आपण थांबायचं?"

डॉक्टर हसले. छपाईची चूक असेल म्हणाले, शेकडो लोकांनी पाच तारे दिलेत म्हणाले. मिस्त्रींनी ते पॅड बसवायला साफ नकार दिला, तेव्हा डॉक्टरांनी ते दुसरीकडून बसवून घेतले.

एका सकाळी आम्ही तिघं घाटातून उतरत होतो. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर जळका वास आला. तिसऱ्या वळणावर पॅडवरचा घासणारा मसाला पत्र्यापासून सुटून पडला आणि लोखंडावर लोखंड घासू लागलं. मित्रांनो, मला थांबायचं होतं हो. डॉक्टर जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होते आणि मी पुढेच चालले होते. ताई बसली होती त्या बाजूने मी दगडी कठड्यावर आदळले. तिचा हात दारात चेमटला.

दोघं वाचले. मला ओढून मिस्त्रींच्या आवारात आणलं. महिन्याभराने डॉक्टर तिथे आले आणि माझ्या चेपलेल्या दाराशी उभे राहिले. ताईची दोन बोटं आता वळत नाहीत, सुई धरता येत नाही, असं त्यांनी मिस्त्रींना सांगितलं. तिने एका शब्दाने बोल लावला नव्हता, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

"तिने खोक्यावरचं नाव वाचलं होतं, काका. आणि मी हसलो."

मिस्त्रींनी वाकून माझ्याखाली पाहिलं. हिचा सांगाडा वाकलाय, हिला मोडीत काढा, एवढंच त्यांनी नंतर सुचवलं. पण मोडीत काढतो म्हणून ज्या व्यापाऱ्याने मला नेलं, त्याने शब्द पाळला नाही. त्याने मला ठोकून सरळ केलं, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरला, वर रंग मारला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली: 'जपून वापरलेली. अपघात नाही.'

मित्रांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा तिच्या चकाकीत आपला चेहरा बघत बसू नका. जाणत्या माणसाला तिच्याखाली आडवं होऊ द्या. ज्या वस्तूवर जीव सोपवायचा, ती अनोळखी लोकांच्या ताऱ्यांवर विसंबून मागवू नका. आम्हा गाड्यांवर माया करा, पण आमचं वय लपवू नका.

काल एक जोडपं येऊन गेलं. नवऱ्याला मी फार आवडले. शनिवारी न्यायला येतो म्हणाला. बायको दबक्या आवाजात म्हणत होती, आधी एखाद्या मिस्त्रीला दाखवूया का? त्याने तिचं ऐकावं. मग मला भंगारात जावं लागलं तरी चालेल.