दुपारचा बिघाड

“आता तुमीच सांगा वाहेदभाई, हा बिघाड हाय का लबाडी?”

खुशालराव धरणाच्या काठावरून ओरडले. वाहेदभाई काठाला लावलेल्या डोंग्यात, त्या लहानशा होडीत, मांडी घालून बसले होते आणि समोर पिवळा डबा उघडा पडला होता. त्यांनी डब्याच्या पोटाशी नाक नेऊन वास घेतला. जळका वास नाही, ओल नाही, तारा जागच्या जागी.

“बोल नं माय, कुठं दुखते तुले?” ते पुटपुटले.

अमरावतीत नागपुरी गेटजवळच्या दुकानात जळक्या मोटारींत तार भरताना, टीव्ही उघडताना ते असंच बोलायचे. त्यांची बायको रजियाबी म्हणायची की एवढं गोड बोलणं निकाह झाल्यापासून एकदाही तिच्या वाट्याला आलेलं नाही. तिची दुसरी तक्रार टिफिनची होती. तो दुपारी उघडायचं वाहेदभाईंना भान नसे आणि संध्याकाळी तो जसाच्या तसा घरी यायचा. यंत्राच्या मागे लागलेला माणूस, दुसरं काय!

हे पिवळे डबे धरणावर आले त्याला कारण होतं. कपाशी लागोपाठ बुडाली, विहिरी आटल्या आणि ज्यांच्या सात पिढ्यांनी जाळं धरलं नव्हतं ती माणसंही मासे धरायला पाण्यात उतरली. नदी जिथे धरणाला मिळते त्या कोपऱ्यात संस्थेने माशांचं बी सोडलेलं असायचं. तिथे जाळं टाकायला बंदी होती, तरी तेही कुणीतरी उपसून नेऊ लागलं. तेव्हा मासेमारी संस्थेने प्रत्येक डोंग्यावर डबा बसवून घेतला. डोंगा कुठे आहे हे तो डबा सांगायचा आणि त्याचा बारका कॅमेरा जाळ्यात काय आलं ते दाखवायचा. संस्थेच्या खोलीत खुशालराव सचिव पडद्यासमोर बसून पाण्यावरचे हिरवे ठिपके बघत. डबे बसवले वाहेदभाईंनी आणि ते रुसले की मनधरणीही त्यांनीच करायची.

बाकीचे डबे सांगितलेलं ऐकत होते. म्हाताऱ्या शालिकरामच्या डोंग्यावरचा मात्र भर दुपारी मुका व्हायचा. ठिपका जायचा आणि थोड्या वेळाने, काही झालंच नाही अशा थाटात, परत यायचा. वाहेदभाईंनी बॅटरी बदलली, तार बदलली, अखेर डबाच बदलला. नवा डबाही दुपार झाली की गप्प. काठावर कुजबुज सुरू झाली होती. म्हातारा डबा बंद करतो आणि बंदीच्या कोपऱ्यात जाळं टाकतो, असं जो तो म्हणत होता. ज्यांना शालिकरामनेच जाळं फेकायला शिकवलं तेही म्हणत होते. आज संध्याकाळी सभा होती. लबाडी ठरली तर शालिकरामचा मासेमारीचा पास जाणार आणि डोंगा काठावर पालथा पडणार. सगळं ठरणार होतं वाहेदभाईंच्या शब्दावर.

“खुशालराव, डब्यात काही खोट दिसून नाही राहिली,” ते शेवटी म्हणाले. “मी सोबत जातो. दुपार डोंग्यातच काढतो.”

शालिकरामची बायको माणिकबाई जाळं आवरत होती. तिचे हात थांबले. “डोंगा लहान हाय भाऊ. तुमाले पोहता तरी येते का?”

“नाही येत.”

“मंग कायले जिवावर उदार होता?”

“वयनी, मी बुडालो तर तुमी काढसान नं!”

माणिकबाई हसली नाही. एरवी ती कुणालाही हसून दोन शब्द ऐकवायची. आजवर वाहेदभाईंनी हजार यंत्रांना खोटं ठरवलं होतं, पण माणसाला खोटं ठरवायची वेळ कधी आली नव्हती. आणि शालिकराम तर त्यांना मनापासून आवडायचा.

डोंगा निघाला. वल्हं माणिकबाईच्या हातात होतं. जाळंही तिनेच टाकलं, तिनेच ओढलं. शालिकराम मागच्या फळीवर दुपट्टा पांघरून बसला होता आणि पाण्याकडे बघून सांगत होता, “जरा डावीकडं घे. तिकडं खोल हाय, कटला तिथंच बसते.” आणि कटला मासा खरंच तिथे होता. एवढ्या उन्हात दुपट्टा कशाला, हे विचारायचं वाहेदभाईंच्या तोंडावर आलं होतं. पण त्यांनी नजर डब्याकडे वळवली. बंदीच्या कोपऱ्याकडे डोंगा फिरकलासुद्धा नाही.

ऊन डोक्यावर आलं. दूरचे डोंगे काठाला लागले. माणिकबाई नुसती बसून राहिली.

“वयनी, भाकर नाही आनली का?”

“आनली. भूक नाही.”

“शालिकभाऊ, तुमाले?”

“मलेही नाही.” म्हाताऱ्याची नजर मात्र फळीखालच्या फडक्यावर होती.

डबा व्यवस्थित चालू होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि त्या दिव्याकडे बघून वाहेदभाईंचा जीव खाली-वर होत होता. आज, नेमका आज, डबा बंद पडला नाही तर काय समजायचं? बाहेरचं माणूस डोंग्यात असलं की बिघाड होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संध्याकाळी हेच सांगावं लागणार होतं.

“काढ वं,” शालिकराम एकाएकी म्हणाला. “माणूस सकाळपासून उपाशी हाय. आपल्या डोंग्यात बसून उपाशी जाईन का तो?”

माणिकबाईने नवऱ्याकडे पाहिलं. मग फडकं सोडलं. जर्मनच्या म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात बेसन होतं, ते तिने ताटलीत काढून घेतलं. पातेलं पाण्यात विसळलं आणि उठून, मान खाली घालून, पिवळ्या डब्यावर पालथं घातलं. पातेलं डब्यावर असं बेतशीर बसलं की जणू त्याचंच झाकण असावं.

वाहेदभाई बघतच राहिले. धातूचं भांडं! वरून तसं झाकल्यावर डबा बोलणार कसा? तीन खेपा घातल्या, अख्खा डबा बदलला आणि बिघाड इथे, स्वयंपाकाच्या भांड्यात. त्यांना आधी हसू आलं. मग पुढचं दिसलं आणि ते हसू मावळलं.

माणिकबाईने शालिकरामच्या अंगावरचा दुपट्टा बाजूला केला. त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. डावा सारखा थरथरत होता. तिने भाकरीचा तुकडा बेसनात कालवला आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. त्याने डोळे मिटून तो घेतला.

“उन्हाळा लागला तवाच लकवा मारून गेला,” ती वाहेदभाईंकडे न बघता म्हणाली. “त्या काचेतून समदे पाह्यतात नं भाऊ. ज्या हातानं अर्ध्या धरणाले जाळं शिकवलं, त्या माणसाले मी लेकरासारखं भरवून राहिली, हे लोकायनं पाहावं का? आन् जेवताना माणसाकडं पाहू नये, एवढं त्या डब्याले कोनी शिकवलं नाही.”

“पातेल्यानं डबा बंद पडते हे ठाव होतं तुमाले?”

“नाही जी! आमाले वाटलं, नुसती काच झाकते. पास जाईन म्हनतात तं आमीही घाबरलो. हे म्हने, खरं सांगून टाक. पन हात गेलेल्याले पास कोन देते?”

शालिकराम घास गिळून म्हणाला, “घरी बसलो का मी मरतो, वाहेदभाऊ. हे पानी दिसलं पाह्यजे मले.”

वाहेदभाईंनी पिशवीतून स्वतःचा टिफिन काढला. रजियाबीने दिलेली वांग्याची भाजी ताटलीत वाढली आणि भाकरीला हात घातला. तिघेही जेवले. मधेच त्यांनी सहज मान वर केली आणि डब्याकडे पाहिलं. कॅमेऱ्याचं तोंड मागच्या फळीकडे होतं, माणसांच्या बसायच्या जागेकडे. खिळा ठोकायला सोपं पडलं म्हणून त्यांनीच सगळे डबे तसे बसवले होते. जाळं कडेला जेमतेम दिसायचं आणि खुशालरावांची नजर ठिपक्यांवर असायची, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जाळं दिसायला हवं तर काच पुढे हवी, हे एखाद्या पोरालाही कळलं असतं.

जेवण झाल्यावर त्यांनी पाना-पकड काढली आणि डबा डोंग्याच्या पुढच्या टोकाला, पाण्याकडे तोंड करून बसवला.

संध्याकाळच्या सभेत ते उभे राहिले. बोलायची सवय नव्हती, घाम फुटला. “बिघाड सापडला. डबा उलट्या तोंडानं बसवला होता आन् तिथं त्याच्यावर भांडं येत होतं. बसवनारा मी. चूक माही. जागा बदलली, आता बंद पडनार नाही.”

“भांडं? रोज? दुपारीच?” मागून कुणीतरी विचारलं.

खुशालराव वाहेदभाईंकडे बघत होते. मग त्यांनी दाराशी बसलेल्या शालिकरामकडे पाहिलं, त्याच्या दुपट्ट्याकडे पाहिलं. हा सचिव लहानपणी त्याच शालिकरामच्या डोंग्यात बसून पहिल्यांदा धरणात गेला होता. त्यांनी घसा खाकरला.

“बाकीच्या डब्यायचंही तोंड फिरवा मंग, वाहेदभाई. माणसं कायले पाह्याची? जाळं पाहा.”

सभा संपली. पुढचे कित्येक दिवस वाहेदभाई रणरणत्या उन्हात डबे फिरवत बसले. ते काम संपताच एका दुपारी त्यांनी दुकान बंद केलं, घरी जाऊन रजियाबीला म्हटलं, “चल, सोबत जेवू.” तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. “तबियत तो ठीक है ना?”

शालिकरामला त्यानंतर अजून एक पावसाळा पाहायला मिळाला. दुपारी त्याचा ठिपका पाण्यावर एका जागी थांबायचा, जेवणापुरता, आणि मग चालू लागायचा. थंडीत तो गेला. संस्थेने पास माणिकबाईच्या नावावर केला, कुणीही आडवं आलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर दुसऱ्याच कुठल्या डब्यासाठी वाहेदभाई धरणावर आले होते. खोलीत पडद्यासमोर खुशालराव एकटेच होते. बाकीचे ठिपके काठाला लागले होते. मधोमध एक उरला होता आणि तो हलत नव्हता.

“माणिकबाई,” खुशालराव हळूच म्हणाले. “एकटीच जाते. पन दोघं जेवायचे तिथंच थांबते.”

त्यांनी डोंग्याचं चित्र मोठं केलं. माणूस कुणी दिसणार नव्हतंच. नुसतं पाणी, डोंग्याचं टोक, बाजूला ओलं जाळं. मग डोंग्याच्या कडेआडून बेसनात कालवलेला भाकरीचा एक घास पाण्यावर आला आणि तरंगत तरंगत काचेसमोरून पुढे गेला.

वाहेदभाईंना शालिकरामची फार आठवण आली.

“डबा ठीक हाय नं?” खुशालरावांनी विचारलं.

“एकदम ठीक.”

वाहेदभाईंनी आपली खुर्ची पडद्याकडे पाठ करून फिरवली. खुशालरावांनीही फिरवली. मग वाहेदभाईंनी मांडीवर टिफिन उघडला, एक भाकर सचिवांच्या हातावर ठेवली आणि तिकडे तिचं जेवण होईपर्यंत दोघेही भिंतीकडे तोंड करून जेवत राहिले.