पहिल्या पाच टक्क्यांत

विद्यार्थिनीला आपण किती काळापासून ओळखता?

तीन वर्षं, असं मी सरांच्या वतीने लिहिलं. खरं तर गणिताचे सर मला तीनच आठवडे ओळखत होते. त्याआधी मी म्हणजे भिंतीकडचा एक कोपरा. त्या लांबच्या कॉलेजात आमच्या शाळेतून एकीलाच घेणार होते, अर्ज केले होते आठ जणींनी, आणि आठही शिफारसपत्रं सरांवर येऊन पडली होती. सरांना अक्षर बरं असलेलं आणि तोंड बंद ठेवणारं कोणीतरी हवं होतं. वर्गाने माझ्याकडे बोट दाखवलं. मला सगळे ‘म्यूट’ म्हणतात.

शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये, लांब टेबलाच्या टोकाला मी बसायची. सर पेपर तपासता तपासता दोन शब्द टाकायचे, त्यांचं पान मी करायची. ‘रेडिओ’ नावाच्या मुलीबद्दल म्हणाले, बोलते छान. मी लिहिलं की ती फळ्यावर तीनदा चुकली, वर्ग हसला, तरी खडू खाली न ठेवता उत्तर येईपर्यंत तिथेच उभी राहिली. खरंच होतं ते. कोपऱ्यातून सगळं दिसतं.

वर्गातील स्थान (एकाच चौकटीत खूण करा)

पहिले पाच टक्के. पहिले दहा. पहिले पंचवीस. उरलेले.

सर म्हणाले होते, सगळ्यांना वरचीच खूण कर, कोण मोजायला बसलंय. सात जणींना केली. आठवा फॉर्म माझा.

वर्गात आम्ही चाळीस. चाळीसचे पाच टक्के दोन. दोघींच्या जागेत मी सात कोंबल्या होत्या. त्या सातांच्या वेळी हात अडला नाही, स्वतःच्या वेळी मात्र हिशेब आठवला. गणितात माझ्याइतके गुण कोणालाच नव्हते. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली.

विद्यार्थिनीचं वेगळेपण (एक पान)

शांत. नियमित. नीटनेटकी.

उरलेलं पान कोरं. आई शिंप्याच्या दुकानात काजं करते. हे कॉलेज हुकलं तर तिच्या शेजारच्या खुर्चीत मी, हे घरात ठरल्यातच जमा होतं. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, “रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. ते तर सर आहेत. सांग त्यांना, माझं तुम्ही लिहा.”

दुसऱ्या दिवशी जिना चढताना वाक्य घोकलं. सर, माझं तुम्ही लिहाल का. पाच शब्द. दारात पोचले तर सरांनी मान वर न करताच विचारलं, झालं का सगळं, आण, सही करतो. मी गठ्ठा ठेवला, माझा सगळ्यात खाली. शिक्के मारावेत तशा सात सह्या झाल्या. माझ्यापाशी हात थांबला.

पेन अडलं होतं. सरांनी ते झटकलं आणि सही केली.

“तू होतीस म्हणून निभावलं,” ते म्हणाले. पाकिटांना डिंक मीच लावला.

आणखी काही सांगायचं आहे का?

रेडिओला घेतलं. जिन्यात तिने मला धरून सांगितलं की मुलाखतीत तिला तो फळ्याचा मजकूर वाचून दाखवला. “सर माझ्याकडे एवढं बघत होते, मला पत्ताच नाही गं.” ती रडत होती. मी तिचं दप्तर धरून उभी होते.

दाखला घ्यायला गेले त्या दिवशी सर कार्यालयाबाहेर भेटले. दुकानात माझी खुर्ची लागून आठवडा झाला होता, बोटाला टाचणीची भोकं पडली होती. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

“तुझं कसं राहिलं? तुझ्यासाठी तर मी जोरदार लिहिलं होतं.”

“हो, सर,” मी म्हणाले.